'स्ट्रेस' पाहा

नाना गेले ते मंगळवारी सकाळी. आम्ही तेव्हा 'एस' अक्षरावर होतो.

नाना म्हणजे माझे वडील. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते मुलांसाठी एक इंग्रजी-मराठी कोश करत होते. मी बी.ए. झाल्यापासून त्यांची सहायक होते. पगार मला प्रकाशक तळवडेकर देत. त्यांचं ऑफिस आणि छापखाना घाटकोपरला होता. काम मात्र आमच्या मुलुंडच्या चाळीतल्या दोन खोल्यांत चाले. जेवणं उरकली की पाट उचलायचे, सतरंजी घालायची आणि शब्दांच्या चिठ्ठ्यांचे डबे बाहेर काढायचे. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याचा अर्थ आणि तो वापरून केलेली दोन-तीन मराठी वाक्यं.

नानांचा सगळा जीव त्या वाक्यांत होता. ते म्हणत, "अर्थ काय, कुठूनही मिळतो गं. मुलाला शब्द हातात धरता आला पाहिजे." वाक्य झालं की त्याची परीक्षा होई. परीक्षक शेजारच्या बयोमावशी. त्यांचे यजमान गिरणीतून निवृत्त झालेले, माणसं मालवणकडची. मावशींना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, आणि नानांना नेमकं तेच हवं होतं. मावशी गॅलरीत सुकट निवडत बसल्या की मी जाऊन वाक्य वाचायचं. शब्द कोणता, अर्थ काय, काही सांगायचं नाही. मावशी "म्हणजे काय?" म्हणाल्या तर चिठ्ठी परत. "असा कोण बोलता गो?" म्हणाल्या तरी परत. त्यांनी वाक्यातल्या मजकुरावर वाद घातला तर मात्र पास. 'डॉक्टरने आजोबांना तंबाखू सोडायला लावली' हे वाक्य ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "डाक्टराक काय जाता सांगाक!" नाना खूश झाले होते. ते वाक्य कोशात आहे.

असं काम सावकाश होतं. तळवडेकरकाका वर्षानुवर्षं कुरकुरत आणि वर्षानुवर्षं पगार पाठवत.

दिवसकार्य उरकल्यावर त्यांचा निरोप आला. मी घाटकोपरला गेले. ऑफिस वरच्या मजल्यावर आणि छपाईचं मशीन खाली, त्यामुळे काकांना ओरडून बोलायची सवय होती. मशीन बंद असलं तरी ते ओरडूनच बोलत. मी परकरात होते तेव्हापासून ते मला ओळखत.

"ये गं इंदू. बस. चहा घे."

"नको काका."

"घे. चेहरा बघ केवढासा झालाय. आई कशी आहे?"

"बरी आहे."

खोलीत आणखी एक गृहस्थ बसले होते. किडकिडीत, सोनेरी काड्यांचा चष्मा, मांडीवर घडी केलेला रुमाल. काका म्हणाले, "हे प्रोफेसर साखळकर. अंधेरीला राहतात. कॉलेजात इंग्रजी शिकवतात. मी त्यांना विनंती केली की उरलेलं काम उरकून द्या."

उरकून हा शब्द मला लागला. पण काकांच्या मनात तसं काही नव्हतं. पुस्तक जूनच्या आत शाळांमध्ये जायला हवं होतं. एवढी वर्षं ते कोणत्या ना कोणत्या जूनच्या आत जायला हवं होतं.

प्रोफेसर शांतपणे बोलले. "तुमच्या वडिलांचं काम मी पाहिलं. मनापासून केलेलं आहे. पण या गतीने ते पुरं व्हायचं नाही. शब्द आणि अर्थ, एवढं ठेवू. वाक्यं काढून टाकू. मग मी ते पावसाळ्याआधी देऊ शकेन."

"आणि छापून झालेल्या भागातली वाक्यं?"

"ती राहतील. पुढे नसतील."

म्हणजे अर्धा कोश नानांचा आणि अर्धा कुणाचाच नाही. मी म्हटलं, "सर, पुढचं मी करीन. मला त्यांची पद्धत माहीत आहे."

प्रोफेसरांनी काकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे पाहिलं. मग प्रोफेसर म्हणाले, "राग मानू नका. पद्धतीबद्दलच मला एक दाखवायचं आहे."

त्यांनी टेबलावरचा एक फर्मा उघडला. फर्मा म्हणजे पुस्तकाची एका वेळी छापून निघणारी पानं. तो एकदा छापला की त्यात फेरफार नाही. शिशाच्या अक्षरांचे खिळे सुटे होऊन पुढच्या पानांच्या कामाला लागलेले असतात. हा 'ई'चा फर्मा होता, पूर्वीच छापलेला. त्यांनी बोट ठेवलं. 'एम्फसाइझ' हा शब्द होता. त्याच्यापुढे नानांनी दिलं होतं : स्ट्रेस पाहा.

"माझ्या विद्यार्थ्यांना हा शब्द हमखास अडतो," प्रोफेसर म्हणाले. "म्हणून सहज काढला. मग मी छापायला आलेल्या 'एस'च्या चिठ्ठ्या मागवल्या. नाम म्हणून स्ट्रेस आहे, ताण वगैरे. ठीक आहे. क्रियापद बघा."

मी पाहिलं. अक्षर नानांचं होतं. एम्फसाइझ पाहा.

काका गरजले, "म्हणजे पोरगं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे! शटल सर्व्हिस आहे काय रे ही, कुर्ला ते मुलुंड?"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. दोन्ही आवरून मी चिठ्ठी हातात धरून बसले.

कोश करणाऱ्याकडून ही चूक होते. दुसरं कुणी ती करूच शकणार नाही. अवघड शब्द आला, तिकडे छापखाना थांबलाय, माणूस म्हणतो की याचा भाऊबंद पुढे येणारच आहे, तिथे नीट लिहू. त्या अक्षरापर्यंत पोचायला वर्षं जातात. तोवर त्याला पक्कं आठवत असतं की हा शब्द आपण मागेच नीट लिहिलाय. नाना दोन्ही वेळा मनात म्हणाले असणार की तिकडे सविस्तर आहे. आणि तिकडे कुणीच नव्हतं.

"काका, हा एक शब्द मला करू द्या," मी म्हणाले. "शनिवारी आणते. सरांनी बघावा. त्यांना पटला तर पुढचं काम माझ्याकडे, वाक्यांसकट. नाही पटला तर सगळे डबे त्यांच्या घरी पोचवते."

"शनिवारी?" काका म्हणाले. "तुझ्या बापाने मला शनिवार सांगितला की मी दिवाळी धरायचो."

प्रोफेसर म्हणाले, "शनिवारी चालेल."

घरी येऊन मी कामाला लागले. शब्द तसा साधा वाटत होता. एखाद्या गोष्टीवर जोर देणे. मी वाक्य केलं : मुख्याध्यापकांनी शिस्तीवर जोर दिला. गॅलरीत जाऊन वाचलं.

बयोमावशींनी हातातलं सूप थांबवलं. "जोर दिल्यान म्हणजे काय केल्यान? धक्को मारल्यान?"

चिठ्ठी परत.

दुसऱ्या दिवशी लिहिलं : पुढाऱ्याने एकजुटीचं महत्त्व ठासून सांगितलं.

"ह्या बरा," मावशी म्हणाल्या. "पण ह्या भांडणातला. नळार पाण्यासाठी बोलतत तसा."

त्यांचं खरं होतं. ठासून सांगायला समोर कुणीतरी न ऐकणारा लागतो. इंग्रजी शब्दात तसा कुणी नव्हता. मी एका भारदस्त पुस्तकातला शब्द उचलला : अधोरेखित करणे. तो मावशींनी मला दोनदा वाचायला लावला, मग कणव येऊन म्हणाल्या, "चेडवा, तू जरा पड बघू. रात्रभर जागलंस काय?"

मी पडले नाही. सतरंजीवर चिठ्ठ्या पसरून बसले. माझ्या सगळ्या वाक्यांत कुणी ना कुणी ओरडत होतं. मुख्याध्यापक, पुढारी, फौजदार. एकात तर वकील टेबलावर मूठ आपटत होता. या घरात मी जन्मात कुणाला टेबलावर मूठ आपटताना पाहिलं नव्हतं. टेबलही नव्हतं म्हणा. नाना इतकं हळू बोलत की पाहुणे त्यांच्याकडे कान वाकडा करून बसत. मला वाटू लागलं की या माणसाला हा शब्द जमलाच नसता, म्हणूनच तो त्याने पुढे ढकलला. त्याने आयुष्यात कधी कशावर जोर दिला होता?

एक चिठ्ठी मात्र वेगळी होती. ती मी कधी लिहिली ते मला आठवत नव्हतं. डॉक्टरांनी औषधापेक्षा विश्रांतीवर भर दिला. ती मी मावशींना वाचून दाखवली नव्हती. ती डब्याखाली सरकवून ठेवली होती.

आई आतल्या खोलीत असायची. त्या दिवसांत ती फारशी बोलत नसे. मी चिठ्ठ्या आवरताना ती दारात येऊन उभी राहिली.

"कुठला शब्द अडलाय एवढा?"

मी सांगितलं. मराठीतच सांगितलं, एखादी गोष्ट महत्त्वाची आहे हे पटेल असं सांगणं, त्याला आपण काय म्हणतो. आणि वर म्हटलं, "नानांना हे कधी जमलं नाही ना गं? कुणाला काही ठणकावलं नाही."

आई खाली बसली. म्हणाली, "तू मॅट्रिक झालीस तेव्हाचं तुला माहीत नाही. तू मामाकडे गेली होतीस."

"काय झालं होतं?"

"दादाभावोजी आले होते. तुझ्यासाठी स्थळ घेऊन. चांगलं होतं स्थळ. रात्री पंगतीला बसले आणि जेवणभर तेच. मुलगा कसा, घर कसं, पोरगी आणखी शिकली तर पुढे कोण करून घेणार. मीही म्हणत होते, बघू तरी या. हे आपले जेवतायत. हं नाही, हूं नाही."

"नेहमीसारखे."

"ऐक. मध्येच यांनी घास ताटात परत ठेवला. हात तसाच ताटावर. भावोजी बोलायचे थांबले, मी वाढायची थांबले. मग म्हणाले, इंदू कॉलेजात जाईल."

"आणि?"

"आणि काय? ताक मागितलं."

आम्ही दोघी हसलो. त्या मंगळवारनंतर आई पहिल्यांदाच हसली. मग ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "भावोजींनी परत विषय काढला नाही. मी पण नाही. आवाज काही चढला नव्हता हो. पण त्या रात्री दुसरं काय काय बोलणं झालं ते विचारशील तर मला एक अक्षर आठवत नाही."

मी तिथेच बसून अर्थ लिहिला. फार खोडावं लागलं नाही. स्ट्रेस : अनेक गोष्टींतली एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे हे ऐकणाऱ्याला कळेल अशा रीतीने सांगणे; एखाद्या गोष्टीवर भर देणे. खाली एक टीप घातली की यासाठी आवाज चढवला पाहिजे असं नाही. आणि वाक्य केलं : पाहुण्यांनी नाना गोष्टी सांगितल्या, आजीने मात्र वेळेवर जेवण्यावरच भर दिला.

सकाळी मावशी गॅलरीत आल्या. मी वाक्य वाचलं आणि वाट पाहिली.

"मगे बरोबरच सांगितल्यान आजयेन," मावशी म्हणाल्या. "वेळार जेवक नको? ह्या पावण्यांका काय, सांगान जातत." मग माझ्याकडे निरखून पाहून म्हणाल्या, "तू जेवलंस काय गो काल?"

मी जेवले नव्हते. त्यांनी मला आत नेऊन भाकरी वाढली. वाक्य पास झालं होतं.

उरली ती डॉक्टरांची चिठ्ठी. ती मी मावशींना शेवटपर्यंत वाचून दाखवू शकले नाही. नानांचा नियम मोडून तशीच वर ठेवली.

शनिवारी मी घाटकोपरला पोचले तेव्हा काका जिन्यातच उभे होते. "अरे! आली! साखळकर, ही शनिवार म्हणाली आणि शनिवारीच आली!"

प्रोफेसरांनी चिठ्ठ्या हातात घेतल्या. ते वाचताना ओठ हलवत. अर्थ वाचला. परत वाचला.

"लांब आहे."

"हो सर."

"पण यातलं काय काढायचं तेही कळत नाही." त्यांनी 'रीतीने' शब्दावर पेन्सिल टेकली, उचलली आणि पुढे गेले. टीप आली तसे ते हसले. "आवाज चढवला पाहिजे असं नाही. हे कोशात?"

काकांनी वाकून वाचलं. "हे माझ्यावर आहे काय गं?" ते ओरडले. खालून मशीनचा आवाज येत होता, त्यामुळे ते नेहमीपेक्षाही मोठ्याने ओरडले. आमच्याकडे बघता बघता त्यांच्याच ते लक्षात आलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

प्रोफेसर वाक्यांकडे वळले. आजीचं वाचून मान हलवली. मग डॉक्टरांचं वाक्य घेतलं. डॉक्टरांनी नानांनाही हेच सांगितलं होतं, हे त्यांना माहीत नसावं.

"हे चांगलं आहे," ते म्हणाले. "अगदी घरातलं आहे. डॉक्टर असे बोलतात आणि आपण ऐकत नाही." त्यांनी पेन्सिल घेतली आणि टिपेवर आडवी रेघ मारली. "ही टीप नको. गरज नाही. डॉक्टर काही ओरडत नाही, आजी ओरडत नाही. वाक्यांवरून मुलाला कळतंच की ते..."

ते थांबले.

बोलायचं खूप होतं. वाटेत सगळं जुळवून आणलं होतं. वाक्यं का हवीत, नाना काय म्हणत, मुलं शब्द कसे शिकतात. त्यातलं एकही मी बोलले नाही. खाली मशीन चालू होतं.

प्रोफेसरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. परत लावला. मग काकांना म्हणाले, "वाक्यं राहू द्या."

"आणि जून?"

"जूनचं बघू."

"बघू काय बघू! शाळांना मी काय तोंड दाखवू?"

"प्रुफं मी वाचीन. यांचा तेवढा वेळ वाचेल. लिहायचं मात्र यांनी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एका शब्दाला एकच वाक्य ठेवा यापुढे. क्रियापदांना दोन. जमेल?"

"जमेल."

"आणि 'पाहा' लिहिलंत तर जाऊन बघून या."

"हो सर."

काकांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांनी माझ्या नावाचा विषय काढला. मुखपृष्ठावर नानांचं नाव राहील, खाली प्रोफेसर साखळकरांचं, सल्लागार म्हणून, कारण शाळा प्रोफेसर बघून पुस्तक घेतात. माझं नाव प्रस्तावनेत येईल. "चालेल ना गं?" त्यांनी विचारलं, आणि हे विचारताना त्यांचा आवाज एवढा खाली आला की मला ते नीट ऐकू आलं नाही. त्यांना परत विचारावं लागलं. मी चालेल म्हटलं. खरं तर मला थोडं वाईट वाटलं. घरी येईपर्यंत गेलं.

पुढचं काम मी पुरं केलं. पुस्तक जूनमध्ये आलं नाही. पुढच्या जूनमध्ये आलं. प्रोफेसर साखळकर दर आठवड्याला अंधेरीहून घाटकोपरला येऊन प्रुफं वाचत. पुढे पुढे ते मुलुंडलाही येऊ लागले आणि गॅलरीत बसून मावशींना स्वतः वाक्यं वाचून दाखवू लागले. त्यांची बरीच परत आली. "ह्यो मास्तर पुस्तकात्सारख्या बोलता," मावशी मला हळूच सांगत, पण चाळभर ऐकू जाईल एवढ्या हळू. प्रोफेसर ती वाक्यं मुकाट्याने घरी नेत आणि बदलून आणत.

मी नंतर आणखी दोन कोशांवर काम केलं. नव्या सहायकांना मी एवढंच सांगत असे की 'अमुक पाहा' लिहिण्याआधी अमुककडे जाऊन यावं; तिथे कुणी आहे का ते बघावं. त्यांना ते फार किरकोळ वाटे. कामाच्या बहुतेक गोष्टी तशाच असतात. किरकोळ वाटतात आणि छापल्यावर दुरुस्त करता येत नाहीत.

'ई'च्या फर्म्यात अजून 'स्ट्रेस पाहा' असंच आहे. आता तिथून गेलं तर पुढे अर्थ सापडतो.

तळवडेकरकाकांचा छापखाना त्यांच्या मागे बंद झाला. कोशाची दुसरी आवृत्ती निघाली नाही. शाळा आता दुसरा कोश वापरतात. तो लहान आहे, त्यात वाक्यं नाहीत. आई गेली, मावशी गावी गेल्या. आमच्या कोशाची एक प्रत माझ्याकडे आहे. बांधणी सुटली आहे. शब्द अडला की मी अजून त्यातच बघते.